‘अर्जंट’ लिहिलं म्हणून फीचर आधी येत नाही: ओपन सोर्स प्रकल्पात प्राधान्य कसं ठरतं

इश्यूच्या, म्हणजे मागणी किंवा तक्रार नोंदवायच्या पानाच्या, शीर्षकात ‘अर्जंट’, ‘हाय प्रायॉरिटी’, ‘लवकरात लवकर हवं’ असं लिहून आलेल्या मागण्या कुठल्याही चालत्या ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पात दिसतात. लिहिणाऱ्याचं त्यात काही चुकत नाही, त्याचं काम खरंच अडलेलं असतं. पण कंपनीत ‘प्रायॉरिटी’ या शब्दामागे एक व्यवस्था उभी असते. हातातलं काम ठेवा आणि हे घ्या, असं सांगणारा कोणी वरिष्ठ असतो आणि पगार मिळत असल्यामुळे त्याचं ऐकलं जातं. ओपन सोर्समध्ये ही साखळीच नाही. इश्यूला ‘पी-१’ असं लेबल लावल्याने कोणाचाही रविवार मोकळा होत नाही.

मग प्राधान्य ठरवायचं कशाला? कारण एक गोष्ट प्रकल्पाच्या हातात नक्की असते, ती म्हणजे रिव्ह्यूचा वेळ. कोड लिहून पाठवणारे येत-जात राहतात. तो कोड तपासून, त्यातल्या खोड्या काढून, ‘यापुढे हा आमचा’ म्हणत मर्ज करणारे, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळून घेणारे, मात्र मोजकेच असतात. ओपन सोर्समधलं प्राधान्य म्हणजे या मोजक्या लोकांनी कशाकडे आधी बघायचं, याचा करार.

आकडे मांडले की हे लगेच दिसतं. समजा, प्रकल्पाला तीन मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारे, आहेत आणि प्रत्येक जण आठवड्याला चार तास देतो. एकूण १२ तास. त्यातले निम्मे बग, प्रश्नोत्तरं आणि रिलीजच्या कामात जातात. उरले सहा. मध्यम आकाराच्या फीचरची पुल रिक्वेस्ट (लिहिलेला कोड आत घेण्याची विनंती) एका फेरीत मर्ज होत नाही. दोन-तीन फेऱ्या, टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन धरून तपासणाऱ्याचे सहा तास सहज जातात. म्हणजे आठवड्याला एक फीचर. रिलीजचं चक्र १२ आठवड्यांचं असेल तर कागदावर १२ फीचर होतात. आजारपण, सुट्ट्या आणि मध्येच उगवणारी सुरक्षेची भानगड धरली तर आठ. आता उघड्या मागण्या ३०० असतील, तर त्यातल्या ५० मागण्यांना ‘हाय’ लेबल लावणं ही स्वतःचीच फसवणूक आहे. ‘हाय’चा डबा आठापेक्षा मोठा ठेवायचा नाही. नववी मागणी आत घ्यायची असेल तर आधीची एक बाहेर काढायची, आणि ती का काढली हे तिथेच लिहायचं.

आधी वेगळं करा, मग क्रम लावा

रांग एकच ठेवली की गोंधळ होतो. सुरक्षेतली त्रुटी फीचरच्या रांगेत येताच कामा नये. तिच्यासाठी खाजगी कळवण्याची वेगळी वाट हवी आणि ती वाट ‘सिक्युरिटी’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेली हवी. आधी चालत असलेलं आता बंद पडलं असेल, तर तो बग आहे. त्याला फीचर म्हणून मतदानाला लावणं अन्याय आहे. आणि ‘डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय तसं होत नाही’ हाही बगच. या तिन्ही गोष्टी वगळल्यावर जे उरतं, त्याचाच प्राधान्यक्रम लावायचा.

लेबलं किती असावीत? थोडी. कुबरनेटीससारख्या (अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणारी प्रणाली) अवाढव्य प्रकल्पालाही प्राधान्याची पाचच लेबलं पुरतात: अतितातडीचं, लवकर हवं असलेलं, महत्त्वाचं पण लांब पल्ल्याचं, बॅकलॉग (कधीतरी करायच्या कामांची यादी) आणि ‘आणखी पुरावा हवा’. यातलं शेवटचं लेबल सगळ्यात उपयोगी, आणि छोटे प्रकल्प नेमकं तेच विसरतात. मागणी चांगली वाटते, पण किती जणांची अडचण आहे ते कळत नाही, अशा वेळी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची घाई करण्यापेक्षा ‘पुरावा आणा’ म्हणणं प्रामाणिक. मात्र नेमका कोणता पुरावा, हे सांगायला हवं. नाहीतर ते लेबल म्हणजे मागणी बासनात गुंडाळणं.

अतितातडीचं लेबल फीचरला जवळजवळ कधीच लागू होत नाही. अपवाद बाहेरून लादलेल्या तारखांचा. ज्या सेवेशी तुमचं सॉफ्टवेअर बोलतं तिने जुना एपीआय (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) अमुक तारखेला बंद करायचं जाहीर केलं असेल, तर नव्या एपीआयचा आधार हे ‘फीचर’ असलं तरी त्याला खरी शेवटची तारीख आहे. ‘आमच्या ग्राहकाला पुढच्या महिन्यात डेमो आहे’ ही तशी तारीख नाही.

मागणीत लिहिलेलं आणि खरं हवं असलेलं

छाननीतलं सगळ्यात कसदार काम इथे आहे. लोक अडचण सांगत नाहीत, त्यांना सुचलेला उपाय सांगतात. एक नमुना जवळून पाहू.

अहवाल बनवणारं एक सॉफ्टवेअर आहे, ते सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल, देतं. मागणी येते: ‘एक्सेल फाइल थेट निर्यात करता यायला हवी, अतिमहत्त्वाचं.’ खाली भराभर अंगठे, म्हणजे पसंतीच्या खुणा, पडतात. बघता बघता ती यादीतली सगळ्यात लोकप्रिय मागणी होते. आता कोणी पुल रिक्वेस्ट घेऊन यायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: सीएसव्ही उघडल्यावर नेमकं काय बिघडतं? शक्य असेल तर तीन ओळींची नमुना फाइल द्या.

उत्तरं आली की मागणीचे दोन तुकडे पडतात. एका गटाचं म्हणणं: देवनागरी, अरबी किंवा जपानी अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. याचं कारण ठाऊक असलेलं आहे. फाइल युटीएफ-८ या, सगळ्या लिप्या मावणाऱ्या अक्षरसंकेतात आहे, पण तिच्या सुरुवातीला तसं सांगणारी खूण नाही. त्यामुळे दोनदा क्लिक करून उघडल्यावर एक्सेल ती संगणकाच्या जुन्या कोडपेजने, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या तक्त्याने, वाचतं. उपाय: फाइलच्या तोंडाशी ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट लिहायचे. त्याला बॉम म्हणतात. मग हे सगळ्यांसाठी आपोआप का करू नये? कारण ज्यांच्या स्क्रिप्ट ही फाइल वाचतात त्यातल्या काहींना हे तीन बाइट पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटलेले दिसतील आणि ‘नाव’ नावाचा स्तंभ सापडत नाही म्हणून त्या पडतील. म्हणून हा पर्याय द्यायचा, पण मुळात बंद ठेवायचा. अर्ध्या दिवसाचं काम.

दुसऱ्या गटाची तक्रार वेगळी: ‘००४२१’ हा कोड एक्सेलमध्ये ‘४२१’ होतो आणि १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. एक्सेल संख्येचे १५ सार्थ अंकच जपतं, त्यामुळे हे होतं. इथे बॉमचा उपयोग नाही. स्तंभ मजकुराचा आहे हे फाइलमध्येच सांगता यायला हवं, आणि ते सीएसव्हीत सांगता येत नाही. या गटाची एक्सेल फाइलची मागणी खरी आहे.

म्हणजे अंगठे एकाच ठिकाणी पडले, पण त्यातल्या काहींचं काम तीन बाइटांत होतं आणि बाकीच्यांसाठी नवा फाइलप्रकार सांभाळावा लागतो. हे तुकडे न करता प्राधान्य लावलं असतं तर दोघांनाही सहा आठवडे थांबावं लागलं असतं. मूळ इश्यू बंद करून दोन नवे इश्यू उघडावेत आणि जुन्यात दोन्हींचे दुवे द्यावेत, म्हणजे अंगठे देणाऱ्यांना आपापली रांग सापडते.

यासाठी मागणीच्या साच्यात चार रकाने पुरेत: काय करायचा प्रयत्न चालला आहे, आज ते कसं भागवता, ते का पुरत नाही, आणि तुम्ही यातलं काय करू शकता, म्हणजे कोड, टेस्ट, भाषांतर, की फक्त तयार झाल्यावर वापरून बघणं. ‘सुचवलेला उपाय’ हा रकाना ठेवा, पण सगळ्यात खाली आणि ऐच्छिक. साच्यात १५ रकाने घातले तर लोक सगळीकडे टिंब टाकून पुढे जातात.

अंगठे मोजावेत का?

मोजावेत, पण त्यांचं ऐकायलाच हवं असं नाही. जानेवारी २०१६ मध्ये अनेक लोकप्रिय प्रकल्पांच्या मेंटेनरांनी गिटहबला, म्हणजे असे बरेच प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या संकेतस्थळाला, एक खुलं पत्र लिहिलं. त्यातली एक मोठी तक्रार होती ‘+१’ अशा निरर्थक प्रतिक्रियांची: प्रत्येकीचा ईमेल येतो आणि माहिती शून्य. त्यानंतर थोड्याच दिवसांत गिटहबने इश्यूचे साचे आणि इमोजी प्रतिक्रिया आणल्या. तेव्हापासून अंगठ्यांनुसार यादी लावणं एका क्लिकचं काम झालं आहे, आणि त्यामुळेच त्याचा अतिरेकही होतो.

व्हीएस कोड या कोड लिहायच्या संपादकाचा नियम पाहण्यासारखा आहे. योग्य वाटलेली फीचरची मागणी आधी उमेदवार म्हणून ठेवतात. ६० दिवसांत तिला २० मतं मिळाली तर ती बॅकलॉगमध्ये जाते, नाहीतर बंद होते. ध्यानात घ्या, २० मतांनी फीचर मिळत नाही. मिळतो फक्त रांगेत उभं राहण्याचा हक्क. शिवाय हा २० चा आकडा कोट्यवधी वापरकर्ते असलेल्या प्रकल्पाचा आहे. लहान प्रकल्पाने तो जसाच्या तसा उचलला तर एकही मागणी पार होणार नाही.

अंगठ्यांचे तीन दोष कायम ध्यानात ठेवावेत. जुन्या इश्यूला मतं जमवायला जास्त वर्षं मिळतात, म्हणून एकूण मतांऐवजी गेल्या सहा महिन्यांतली मतं पाहावीत. कोणीतरी समाजमाध्यमावर दुवा टाकला की दोन दिवसांत मतांचा लोंढा येतो; तो लोंढा कशामुळे आला ते तपासावं. आणि स्क्रीन रीडर वापरणारे, इंग्रजी न येणारे, गिटहबवर खातंच नसलेले लोक कधीच मत देत नाहीत. सुलभतेच्या मागण्या मतांच्या यादीत नेहमी तळाशी दिसतात, आणि त्या तिथेच राहू दिल्या तर तो प्रकल्पाचा दोष. त्यांच्यासाठी प्रत्येक रिलीजमध्ये एक-दोन जागा आधीच राखून ठेवाव्यात.

डाउनलोडच्या आकड्यांवरही भिस्त नको. स्वयंचलित बिल्ड (कोड बांधून तपासणारी यंत्रणा) दर वेळी पॅकेज नव्याने ओढतात, त्यामुळे दहा माणसांच्या संघाचे दिवसाला शेकडो डाउनलोड होऊ शकतात.

गुण द्यायचे असतील तर

उत्पादन-व्यवस्थापनात ‘राइस’ नावाची पद्धत प्रसिद्ध आहे: किती जणांपर्यंत पोहोचेल × प्रत्येकावर किती परिणाम × आपली खात्री ÷ मेहनत. परिणामाला साधारण ०.२५ ते ३ गुण, खात्रीला ५०, ८० किंवा १०० टक्के. वरच्याच नमुन्यावर लावून पाहू. बॉमचा पर्याय: ४०० जण, परिणाम १, खात्री ८० टक्के, मेहनत अर्धा आठवडा. गुण ६४०. थेट एक्सेल निर्यात: ४०० जण, परिणाम २, खात्री ५० टक्के, मेहनत सहा आठवडे. गुण सुमारे ६७.

पण या सूत्रात मेहनत म्हणजे फक्त बनवायची मेहनत. ओपन सोर्समध्ये त्यापुढची निगा जास्त महाग पडते, म्हणून भाजकात पुढच्या तीन वर्षांची निगाही मिळवावी. एक्सेल फाइलसाठी बाहेरची लायब्ररी घ्यावी लागेल, तिची प्रत्येक नवी आवृत्ती तपासावी लागेल. एका पानावर १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, त्यामुळे मोठा अहवाल तोडायचा कसा, हा प्रश्न येईल. तारखा एक्सेलमध्ये क्रमांक म्हणून साठवल्या जातात आणि १९०० हे वर्ष त्यात चुकीने लीप धरलेलं आहे. याचे बग येत राहतील. वर्षाला दोन आठवडे निगा धरली तर भाजक सहाचा १२ होतो आणि गुण ३३ वर येतात. बॉमचे तीन बाइट मात्र एकदा लिहिले की त्यांना जवळपास काहीच लागत नाही.

या आकड्यांना फार मान देऊ नये. ६७ आणि ७४ मधला फरक निव्वळ अंदाजांचा आहे. ६४० आणि ३३ मधला फरक खरा. गुणांचा उपयोग वाद कुठे आहे ते शोधायला होतो: दोन मेंटेनरांनी एकाच मागणीला वेगवेगळे गुण दिले आणि तफावत ‘मेहनत’ या रकान्यात निघाली, तर त्यातल्या एकाला असं काही माहीत आहे जे दुसऱ्याला नाही. ते बोलून घ्यावं.

एका पर्यायाची किंमत

‘एक चेकबॉक्सच तर हवाय’ हे वाक्य मेंटेनरांच्या कपाळावर आठी आणतं, आणि त्यामागे गणित आहे. चालू-बंद होणारे १० पर्याय म्हणजे १,०२४ जोड्या. अकरावा आला की २,०४८. सगळ्या जोड्या कोणी तपासत नाही. बग नेमके न तपासलेल्या जोडीत निघतात, आणि कळवणारा आपले पर्याय कोणते होते ते सांगायला विसरतो.

दुसरं, दिलेलं परत घेता येत नाही. वापरकर्त्यांना दिसणारं वर्तन मोडायचं नाही, हा लिनक्स कर्नलचा (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचा) कडक नियम आहे, म्हणून तिथे नवा इंटरफेस आत येताना इतकी चिकित्सा होते. जँगोसारखे (वेबसाइट बनवायचा सांगाडा) प्रकल्प एखादी गोष्ट काढायची असेल तर आधी इशारा देतात आणि पुढच्या किमान दोन फीचर-रिलीजपर्यंत ती चालू ठेवतात. म्हणजे आज घाईत मर्ज केलेलं फीचर उद्या नकोसं झालं तरी ते काही वर्षं सांभाळावं लागतं. नकाराचा निर्णय पुढच्या वर्षी बदलता येतो, होकाराचा नाही.

म्हणून मागणी ‘महत्त्वाची आहे का’ याच्या जोडीला ‘मुख्य प्रकल्पातच हवी का’ हा प्रश्न प्रत्येक वेळी वेगळा विचारावा. प्लगइनची, म्हणजे बाहेरून जोडता येणाऱ्या भागाची, सोय असेल तर बऱ्याच खऱ्या, रास्त मागण्या तिथे जाऊ शकतात. अशा वेळी मुख्य प्रकल्पाने फीचर बनवण्याऐवजी प्लगइनला लागणारा एखादा हूक, म्हणजे त्याला जोडून घ्यायची जागा, द्यावा. हूकची किंमत कमी आणि त्याचा लाभ पुढच्या दहा मागण्यांना होतो.

पैसे देणारा, आणि ओरडणारा

कंपनी म्हणते: आम्ही पैसे देतो, हे फीचर दिवाळीच्या आत असो की वर्षअखेरीस, ठरलेल्या तारखेला हवं. यात गैर काही नाही, पैशाशिवाय बरेच प्रकल्प तगत नाहीत. फक्त काय विकलं जातंय ते लेखी स्पष्ट हवं. विकायचं ते काम: प्रस्ताव लिहिणं, कोड, टेस्ट, ठरावीक मुदतीत रिव्ह्यू. ‘मर्ज होईलच’ हे विकायचं नाही. ज्याने पैसे घेतले त्याने स्वतःच मर्जचं बटण दाबू नये. दुसऱ्या मेंटेनरने तपासावं आणि पैसे कोणाकडून आले हे पुल रिक्वेस्टमध्ये एका ओळीत नोंदवावं. पैशांतही पुढच्या निगेचा वाटा धरावा, नाहीतर फीचर कंपनीचं आणि दुखणं प्रकल्पाचं, अशी वाटणी होते.

पैशाऐवजी वेळ मागणारी पद्धत आम्हाला जास्त आवडते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या प्रकल्पात पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) ‘कमिटफेस्ट’ नावाच्या ठरावीक कालखंडांत तपासले जातात आणि पॅच देणाऱ्याने साधारण तेवढ्याच गुंतागुंतीचा दुसऱ्या कोणाचा तरी पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. ज्या गोष्टीचा तुटवडा आहे तीच बदल्यात मागितली जाते. छोट्या प्रकल्पालाही हे जमतं: ‘तुमची मागणी वर सरकवायची असेल तर या तीन प्रलंबित पुल रिक्वेस्ट चालवून पाहा आणि काय दिसलं ते लिहा.’

ओरडणाऱ्यांबाबत मात्र नियम कडक असावा, कारण हा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा उरलेला नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकुचन-सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, सापडला. त्याआधी २०२२ मध्ये त्या प्रकल्पाच्या एकट्या मेंटेनरवर काही अनोळखी खात्यांनी सतत दबाव आणला होता: पॅच का रखडले, प्रकल्प का हलत नाही, दुसऱ्या कोणाला अधिकार का देत नाही. पुढे ज्याला अधिकार मिळाले त्याच्याच हातून तो बॅकडोअर आला. ती दबाव आणणारी खाती बनावट असावीत, असं आता मानलं जातं. म्हणून घाई, अपराधी वाटायला लावणारी भाषा आणि ‘अमक्याला कमिटचे (कोड थेट बदलायचे) अधिकार द्या’ अशी मागणी एकत्र दिसली, तर वेग वाढवायचा नाही, उलट कमी करायचा. इश्यूवरची चर्चा काही दिवस कुलूपबंद करणं हा मेंटेनरचा हक्क आहे, त्यासाठी खुलासे देत बसायची गरज नाही.

ठरवायचं कोणी, आणि किती दिवसांत

मोठ्या बदलांसाठी लेखी प्रस्ताव हवाच. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत २००० सालापासून ‘पेप’ नावाचे असे प्रस्ताव आहेत, रस्ट या भाषेत ‘आरएफसी’, कुबरनेटीसमध्ये ‘केप’. त्यांच्या साच्यांतले काही भाग कुठेही उचलावेत असे आहेत. पेपमध्ये नाकारलेल्या कल्पनांची नोंद असते, त्यामुळे तोच वाद दर सहा महिन्यांनी पुन्हा सुरू होत नाही. केपमध्ये ‘आमचं उद्दिष्ट काय नाही’ हे लिहावं लागतं. पेपचा लेखक मुख्य चमूतला नसेल तर चमूतला एक पुरस्कर्ता शोधावा लागतो. ही अट चाळणीचं काम चोख करते. एकाही मेंटेनरला एखाद्या मागणीसाठी नाव द्यावंसं वाटत नसेल, तर तिला ‘हाय’ लेबल लावणं खोटेपणाचं आहे.

चर्चेला शेवट हवा. रस्टमध्ये निर्णयाआधी १० दिवसांचा अंतिम प्रतिक्रियाकाळ जाहीर होतो: कल कुठे आहे ते सांगितलं जातं आणि नवा, ठोस आक्षेप असेल तर तो या काळात मांडायचा. छोट्या बदलांना अपाची या संस्थेच्या प्रकल्पांत रुळलेली मूक संमती पुरते: ‘कोणाची हरकत नसेल तर ७२ तासांनी मर्ज करतो.’

निर्णय कोणाचा, हे आधी ठरलेलं नसलं तर काय होतं त्याचं उदाहरण पायथॉनचंच आहे. २०१८ मध्ये पेप ५७२ वर, म्हणजे अभिव्यक्तीच्या आतच मूल्य नेमणाऱ्या ‘:=’ या चिन्हावर, इतका कडवट वाद झाला की प्रस्ताव मान्य झाल्यावर गिडो व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयकर्त्याची भूमिका सोडली. त्यानंतर कारभार निवडून आलेल्या पाच जणांच्या सुकाणू मंडळाकडे गेला. तुमच्या प्रकल्पात दोनच मेंटेनर असतील तरी ‘एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा’ हे एक वाक्य कारभाराच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

नकार लिहायचा कसा

नकार न देता इश्यू वर्षानुवर्षं उघडा ठेवणं हा सौजन्याचा भास आहे. मागणारा वाट पाहत राहतो, पर्याय शोधत नाही. वरच्या नमुन्यातला नकार असा लिहिता येईल:

‘मागणीबद्दल आभार. अक्षरं बिघडण्याचा भाग वेगळ्या इश्यूत घेतला आहे आणि तो पुढच्या रिलीजमध्ये येईल. थेट एक्सेल फाइल बनवण्याचं काम मात्र आम्ही मुख्य प्रकल्पात घेणार नाही. त्यासाठी लागणारी लायब्ररी आणि फाइलप्रकारातल्या अडचणी दीर्घकाळ सांभाळायला आमच्यात सध्या कोणी नाही. हे प्लगइन म्हणून करता येईल, निर्यातीचा इंटरफेस डॉक्युमेंटेशनमध्ये दिला आहे. असं प्लगइन कोणी सलग दोन रिलीज सांभाळलं, तर आम्ही या निर्णयाचा फेरविचार करू. तोवर हा इश्यू बंद करत आहे.’

काय मिळेल, काय मिळणार नाही, का, दुसरी वाट कोणती आणि निर्णय कशाने बदलेल, हे सगळं यात आलं. ‘सध्या वेळ नाही, बघू’ असं लिहिलं असतं तर तिसऱ्या दिवशी ‘काही अपडेट?’ आलंच असतं. आणि कारण खरं लिहा. मेंटेनरांना ते फीचर आवडलेलं नसेल तर ‘वेळ नाही’ म्हणू नये. उद्या कोणी तयार कोड घेऊन आला की पंचाईत होते.

पडून राहिलेले इश्यू आपोआप बंद करणाऱ्या बॉटबद्दल मतभेद आहेत. कुबरनेटीसमध्ये ९० दिवस हालचाल नसली की ‘शिळा’, आणखी ३० दिवसांनी ‘कुजलेला’ आणि त्यापुढे ३० दिवसांनी बंद, असा क्रम आहे. हजारो इश्यूंच्या पसाऱ्यात हे समजण्यासारखं आहे. लहान प्रकल्पात मात्र बॉटमुळे लोक इश्यू जिवंत ठेवायला दर तीन महिन्यांनी ‘अजून हवंय’ लिहायला लागतात, म्हणजे जो कचरा टाळायचा होता तोच वाढतो. मंजूर झालेल्या आणि ‘पुरावा हवा’ असं लेबल असलेल्या इश्यूंना बॉटपासून सूट द्या. ज्यांत कळवणाऱ्याकडून माहिती मागितली आणि ती आलीच नाही, तेवढेच त्याला बंद करू द्या.

मंजुरीनंतर

माइलस्टोनमध्ये, म्हणजे एका रिलीजसाठीच्या कामांच्या यादीत, टाकताना प्रत्येक फीचरपुढे दोन नावं हवीत: करणारा आणि तपासणारा. दुसरं नाव नसेल तर ते माइलस्टोनमध्ये घालू नये, मागणी कितीही मोठी असो. दर दोन आठवड्यांनी यादीवर नजर टाकायला अर्धा तास पुरतो. ज्या कामावर दोन फेऱ्यांत काहीच हललं नाही, त्याच्या मालकाला साधा प्रश्न विचारावा: ठेवायचं की सोडायचं? सोडायला लाज वाटणार नाही असं वातावरण असेल तर लोक वेळेवर सोडतात. नसेल तर शेवटच्या आठवड्यात गप्प होतात.

मोठं फीचर थेट सगळ्यांना चालू करून देऊ नये. कुबरनेटीसमध्ये ते अल्फा, बीटा आणि स्थिर अशा टप्प्यांतून जातं, आणि अल्फा मुळात बंद असतं. या पद्धतीतही एक खोच निघाली: बीटा एपीआय आपोआप चालू असायचे, त्यामुळे लोक त्यांच्यावर भरवशाची कामं उभी करायचे आणि पुढे ते बदलणं अवघड व्हायचं. म्हणून १.२४ आवृत्तीपासून नवे बीटा एपीआयही मुळात बंद ठेवले जातात. प्रायोगिक फीचरला तारीख न लावण्याचा परिणाम असाच होतो, ते कायमचं प्रायोगिक राहतं आणि तरीही मोडता येत नाही. अल्फा आणतानाच लिहून ठेवावं: अमुक रिलीजपर्यंत अमुक टेस्ट आणि इतक्या वापरकर्त्यांचे अनुभव जमले तर बीटा, नाहीतर काढून टाकणार.

फ्रीझच्या, म्हणजे रिलीजआधी नवे बदल घेणं थांबवायच्या, दिवशी अर्धवट असलेलं काम पुढच्या रिलीजमध्ये जातं, मग ते पैसे देणाऱ्याचं असो की सर्वाधिक अंगठे मिळालेलं. मर्ज झालेलं पण अपुरं असेल तर फ्लॅगमागे (चालू-बंद करायच्या कळीमागे) बंद ठेवावं. फ्लॅग नसेल तर रिव्हर्ट करावं, म्हणजे तो बदल मागे घ्यावा, आणि ते फ्रीझनंतर दोन दिवसांच्या आत, कारण त्यानंतर त्या कोडवर दुसरे बदल बसतात आणि मग नुसतं रिव्हर्ट करून भागत नाही. रिव्हर्टच्या कमिट-संदेशात मूळ इश्यूचा क्रमांक, काय अपुरं राहिलं आणि पुन्हा आणताना कोणत्या दोन टेस्ट आधी हव्यात, हे लिहावं. पुढच्या चक्रात ते काम हाती घेणारा कदाचित वेगळाच माणूस असेल.